फाट्यावरचा जवान

"पल्लवी, त्याला म्हनावं, भाकरी गार हुतीया."

हे वाक्य आईनं चुलीतल्या जाळाला सांगितलं. जाळापासून हातभरावर पल्लवी बसलेली, पल्लवीपासून हातभरावर दिग्विजय. म्हणजे ज्याला सांगायचं तो आईच्या पदराला हात पोचेल इतका जवळ होता. पण निरोप गेला तो थोरल्या सुनेच्या मार्फतच.

"भाऊजी, भाकरी गार हुतीया म्हनत्यात आत्या."

"खातोय म्हनावं."

"खातोय म्हनत्यात."

उंबऱ्यात पानाला चुना लावत बसलेल्या बापानं, ज्योतिबांनी, मान हलवली. "काय पण घर हाय! एका चुलीच्या दोन बाजूला दोन तालुकं, आन मधी ही पोर बिनपगारी टपालवाली. पोरी, जरा पगार तरी माग की ह्या मायलेकांकडं!"

कुणी हसलं नाही. उमेदीची सारी वर्षं मुंबईच्या गोदीत ओझी उचलून आलेला हा माणूस. कोणतं ओझं एकट्यानं पेलायचं आणि कोणत्याला जोडीदार लागतो, हे त्याला नुसत्या नजरेनं कळायचं. घरातल्या या ओझ्याला मात्र हात कुठून घालावा हे त्याला उमगत नव्हतं, म्हणून तो विनोद करायचा. आणि त्याचे सगळे विनोद या घरात खर्ची पडायचे, जमेला कधी काही येत नसे.

"मी उद्या कोयनानगरला चाललोय," दिग्विजय ताटाकडं बघत म्हणाला. "कंत्राटदाराकडं काम लागलंय. खोली बी देणार हायेत. आता... तकडंच ऱ्हाईन म्हनतो."

भाकरी उलटायला निघालेला आईचा हात अधांतरी थांबला. थांबलाच! तव्यावर भाकरीला काळे डाग पडले, करपल्याचा वास घरभर झाला, आणि दिग्विजयनं श्वास रोखून धरला... आता तरी! 'जाऊ नगंस' म्हणायला नको, 'जा मर' एवढं जरी ती म्हणाली असती, तरी ते दोन शब्द उराशी कवटाळून त्यानं कोयनेचा सारा घाट पायी चढला असता!

आईनं करपलेली भाकरी बाजूला टाकली, पिठाचा नवा उंडा घेतला आणि ती थापू लागली.

दोन उन्हाळे झाले या अबोल्याला. थोरला सिद्धनाथ, म्हसवडच्या देवाच्या नावाचा, मराठा पलटणीत जवान होता. पोरगा कसा होता म्हणाल, तर सुट्टीवर आला की आधी मेंढरांना भेटायचा आणि मग माणसांना. आई रुसली की म्हणायचा, "आये, तू कुटं पळून जातीस? मेंढरं जात्यात." सीमेवरून फोन केला की चार शब्द बोलून झाल्यावर हळूच म्हणायचा, "दिग्या, फोन जरा मेंढरांच्या वाड्यात न्हे की. घुंगरं ऐकव." मग दिग्विजय फोन हातात धरून मेंढरांमध्ये उभा राहायचा, आणि तिकडे बर्फात बसलेला भाऊ काही न बोलता ऐकत राहायचा. कांदा फोडावा तर त्यानंच, एका बुक्कीत. आणि भांडावं तर त्यानंच, हसत हसत. काश्मीरच्या एका जंगलातल्या चकमकीत पुढे असलेल्या तुकडीत तो होता, आणि तिथंच पडला. पल्लवीच्या हातावरची लग्नाची मेंदी जुनी झाली होती, संसार मात्र अजून नवाकोराच होता.

पेटी वस्तीवर आणण्याआधी घरच्या एका माणसानं ओळख पटवायची होती. ज्योतिबांचे पाय जागीच लुळे पडले, तेव्हा दिग्विजय एकटा आत गेला. त्यानं भावाला ओळखलं ते पायांवरून. अनवाणी मेंढरांमागं धावून फाकलेली ती बोटं लाखात ओळखली असती. चेहऱ्यावरून ओळखायची सोय शत्रूनं ठेवली नव्हती. वर चेहराच नव्हता!

आणि मग शेंडगेवस्तीच्या त्या अंगणात, साऱ्या तालुक्यादेखत, आईनं पेटीवर डोकं आपटत टाहो फोडला, "एकडाव तोंड दावा रं माज्या लेकराचं! एकडाव!" अधिकाऱ्यांनी दिग्विजयकडं पाहिलं. त्यानं झेपावून दोन्ही हात पेटीच्या झाकणावर टाकले.

"न्हाई उघडायची!"

"कसा हाय त्यो? सांग मला, कसा हाय?"

"झोपल्यागत हाय, आये. लय शांत..."

"झोपल्यागत हाय तर मग बघू दे की रं, मेल्या!"

बिचाऱ्याचा व्यवहार तिथंच फसला. दया म्हणून जे खोटं बोलला, त्याच खोट्यानं त्याची दुष्टाई सगळ्यांसमोर सिद्ध केली. तरी त्यानं हात काढले नाहीत. पेटी उघडली नाही.

तेव्हा आई उठली. देव्हाऱ्यातला भंडारा तिनं मूठ भरून उचलला, आणि ती पिवळी मूठ त्याच्यावर रोखून म्हणाली, "आजपास्नं ह्याच्या तोंडाकडं बघितलं, ह्याच्याशी शबुद बोलले, तर म्हसवडच्या सिद्धनाथानं माजं उरलंसुरलं बी न्यावं!"

माणदेशात माणसं कचेरीतली शपथ चहाबरोबर गिळतात, पण भंडारा उचलून घेतलेली आण कुणी मोडत नाही. त्या क्षणी दिग्विजयला आई आणि भाऊ दोघेही एकदमच दुरावले.

खरं सांगून टाकलं असतं तर? ही गोष्ट त्याच्या मनात रोज यायची, आणि रोज तो तिला परत पाठवायचा. आईच्या मनात सिदाचा तो हसरा, उन्हानं रापलेला चेहरा अजून शाबूत होता. त्याच्या जागी आपण पाहिलेलं ते भयाण काहीतरी ठेवायचं? नको! आपण दुष्ट ठरलो तर ठरलो. घरात एकानं ते पाहिलं, तेवढं पुरे.

पुढं गावानं फाट्यावर सिद्धनाथचा पुतळा उभारायचं ठरवलं. सरपंच भाऊसोंनी सभेत पंचधातूचा म्हणून जाहीर केला, बसवला तेव्हा फायबरचा निघाला. असो, भावना मात्र भरीव होती! सांगलीकडच्या मूर्तिकाराला मिळाला तो भरतीच्या वेळचा एकच फोटो, तोही टोपीची सावली डोळ्यांवर आलेला.

"एका फोटोवरनं नाक कळतं, माणूस नाही कळत," तो म्हणाला. "सख्खा भाऊ आहे ना? भावाच्या वर्दीत बसवा त्याला माझ्यासमोर."

दिग्विजय बसला. भावाच्या वर्दीत, भावाच्या टोपीखाली, ताठ. मूर्तिकाराचे हात ओल्या मातीत फिरत होते आणि समोर हळूहळू जो चेहरा वर येत होता, तो त्यानं ओळखला... तो सिदा नव्हता. तो मेलेला दिग्विजय होता!

त्यानं कुणालाही काही सांगितलं नाही. अनावरणाच्या दिवशी वीरमाता म्हणून आईनं पडदा ओढला, वर पाहिलं, आणि ती चौथऱ्याला मिठी मारून अशी कोसळली की पाहणाऱ्यांचे डोळे भरून आले. "आईनं लेक वळखला गड्या!" म्हणून भाऊसोंनी फेट्यानं डोळे पुसले. तेव्हापासून ती रोज फाट्यावर जायची, पुतळ्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायची, आणि पुष्कळ वेळ काहीबाही पुटपुटत बसायची. दिग्विजयला वाटलं, चला, हिशेब मिटला. आपला चेहरा आपल्या काही कामाचा नव्हताच, निदान आईला तिच्या लेकासाठी उपयोगी पडला.

पण हिशेब असे मिटत नाहीत. पुतळ्याकडं बघून लोकांना सिद्धनाथ आठवायचा, आणि दिग्विजयकडं बघून लोक दचकायचे. डेअरीवर तो आला की बोलणं तुटायचं. दिवेलागणीला वाटेत समोरून येणारी बाई पदर सावरत बांधाला उतरायची. म्हातारी दगडाबाई तर एकदा गल्लीत त्याला बघून जागीच थबकली, हातातल्या कळशीतलं पाणी त्याच्या पायांवर ओतलं, आणि थरथरत म्हणाली, "लांबनं आलास, सिदा. तान लागली आसंल... घे, आन आता माघारी जा बाबा. जित्यांत फिरू नगंस."

पायाखालची माती ओली होत होती, आणि दिग्विजयला 'मी दिग्या हाय' एवढं म्हणायलाही तोंडातून शब्द फुटेना. त्याच्या अंगावर दिवसेंदिवस कपडे ढगळ होत चालले. आणि सगळ्यांत विलक्षण गोष्ट म्हणजे, भरदुपारी, कुठंही असो, मेंढरांमागं वा विहिरीवर, त्याला आपल्या गालावरून कुणाचा तरी ओला हात फिरल्यासारखा वाटायचा. हात लावून पाहावं, तर गाल कोरडा!

जेवण झाल्यावर वाड्यात पल्लवीनं त्याला गाठलं.

"भाऊजी, एक इचारू? फाट्यावर त्यो तुमीच हायसा न्हवं?"

तो चमकला.

"मला पहिल्या दिवशीच कळलं. ह्यांची हनुवटी मी इसरंन व्हय? म्हून मी तितं जात न्हाई. वीरपत्नी आसून जात न्हाई म्हून बायका टोमणं मारत्यात, मारू द्यात. पर भाऊजी, जित्या मानसाचा पुतळा उबा करत न्हाईत. आयुष्य उतरतं त्याच्यात. तुमी आरशात बघता का न्हाई? निम्मं ऱ्हायलासा."

"म्हून तर चाललोय, वैनी."

"आत्यांना सांगून जावा. खरं काय ते सांगा. पुतळ्याचं बी आन..." तिनं पदर घट्ट ओढून घेतला, "आन पेटीचं बी. मी इचारलं न्हाई कवा. तुमचं तोंड बघून मला कळलं हुतं."

"तिला त्येवढा एक चेहरा ऱ्हायलाय वैनी. त्यो बी काढून घिऊ?"

पल्लवी एका कोकराला उगाच कुरवाळत राहिली.

दिग्विजय भावाचा निरोप घ्यायला फाट्याकडं निघाला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आमच्याकडं भरदुपार ही सांजेपेक्षा वाईट वेळ. सावल्या पायाखाली शिरतात, रस्ते ओस पडतात, आणि शहाणी माणसं त्या वेळेला झाडाखालून उठत नाहीत. पठारावरच्या पवनचक्क्या एका सुरात घुमत होत्या, जणू जमिनीच्या आत कुणीतरी कण्हतंय. पुतळा उन्हात डोळे न मिटता उभा होता. त्याच्या नजरेला नजर देणं दिग्विजयला जमेना; तो चौथऱ्याच्या मागं जाऊन, वीतभर सावलीत पाठ टेकून बसला.

"दादा, जातो रं," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात चपलांचा आवाज आला. आई! उठून जावं तर तिच्या नजरेला पडायचं, आणि तिची आण मोडायची. तो तसाच अंग चोरून बसला. तांब्यातलं पाणी ओतल्याचा आवाज झाला, फडकं पिळल्याचा झाला, आणि... त्याच्या गालावर तो ओला हात फिरला! अगदी आत्ता, अगदी स्पष्ट! तो गोठून गेला.

मग समोरून आईचा आवाज आला. हळुवार, लाडाचा, दोन उन्हाळ्यांत त्याच्या कानांनी ऐकला नव्हता असा.

"सकाळी अर्दीच भाकर खाल्लीस रं. बघितलं न्हाई म्या, ताट घासताना घावली."

दिग्विजयला काही समजेना. मेलेला माणूस ताटात अर्धी भाकरी कशी टाकेल?

"कोयनेला जातुयास म्हनं. तितं जमीन हलती बाबा. उंबऱ्याजवळच झोपत जा, धोंडा हलला का भाईर पळायचं, चपला हुडकत बसायचं न्हाई. पावसात लय भिजू नगंस, तुजी छाती पयल्यापास्नं नाजूक. आन ह्या मिशीवरनं वस्तरा फिरवू नगंस, वळखू येत न्हाईस... दिग्या, आयकतुयास न्हवं?"

दिग्या!

"आये!" त्याच्या काळजातून हाक निघाली आणि तो चौथऱ्याला धरून उभा राहिला.

किंकाळी फुटली. आईनं दोन्ही हातांनी डोळे गच्च दाबले, आणि ती चौथऱ्याकडं तोंड करून खाली बसली. "कोन हाय का रं हितं? कुनी तरी सांगा त्याला, फुडं यिऊ नगंस म्हनावं!" पण रस्ता ओस होता. निरोप न्यायला पल्लवी नव्हती, ज्योतिबा नव्हते, चिटपाखरू नव्हतं. मग तिनं मिटल्या डोळ्यांनीच मान वर केली आणि पुतळ्याला हाक मारली, "सिदा, तू सांग रं तुज्या भावाला! फुडं यिऊ नगंस म्हनावं!"

पवनचक्क्या घुमत होत्या. आणि त्या रणरणत्या, भुताळ दुपारी दिग्विजयनंही आपल्याच चेहऱ्याकडं पाहून, मेलेल्या भावाला मध्ये घातलं.

"दादा... आयेला सांग, मी खोटं बोललो. तू झोपल्यागत न्हवतास. पेटीत तुजं तोंडच न्हवतं. म्हून मी उगडू दिली न्हाई."

आईचे हात डोळ्यांवरच होते.

"सिदा, सांग त्याला," आई म्हणाली, "ठावं हाय मला. तोंड आसतं तर माजं दिग्या मला अडवतंय व्हय? तुला आग दिली तवा त्याच्याकडं नदर गेली. मानूस आसं कवा दिसतं, त्ये आयशीला कळतं. पर तवर भंडारा उचलून झाला हुता."

"मग दादा, तिला इचार, ती मग का बोलली न्हाई? दोन वरसं मला का जाळलं?"

"काय बोलून बसले हुते मी?" आता तिचा बांध फुटला. "उरलंसुरलं न्यावं, म्हनले देवाला! सिदा, तू ग्यालास, माज्याजवळ उरलं काय हुतं रं? ह्योच येकटा! रागाच्या भरात म्या ह्याचाच जीव तारन ठिवला! त्याच्याकडं बघितलं आन त्याला कायी झालं, तर? येक लेक देऊन बसले, दुसरा माज्या जिबंनं घालवू? म्हून तोंड फिरवलं. मग हितला पडदा वढला, आन बघितलं तर... त्यो तू न्हवतास, सिदा. ह्यो हुता. म्हनलं, देवानंच वाट दावली. पुतळ्याकडं बघू नगंस आसं कुटं म्हनले हुते मी? जित्याशी बोलता येत न्हाई, तर ह्या पुतळ्याशी तरी बोलू!"

दिग्विजयला आता कळलं. जिला तो दोन उन्हाळे द्वेष समजत होता, ती आईची भीती होती. आणि ज्या चेहऱ्याचा त्यानं त्याग केला असं त्याला वाटत होतं, त्याच चेहऱ्याला ती रोज उन्हातान्हात भेटायला येत होती. देणं कुणाचं आणि घेणं कुणाचं! तो पुढं आला, आईच्या समोर गुडघ्यांवर बसला.

"आये, उगड डोळं."

"न्हाई रं, न्हाई! भंडारा हाय त्यो!"

"देवाला न्यायचं आसंल, तर कोयनेतनं बी न्हील. सारं गाव मला भूत म्हनतंय, आये. वाटंत बायका मला वाट सोडत्यात, दगडाबाई पायावर पानी वतती. मी जिता हाय का मेलो, मला बी कळंना झालंय. तू येकदा बघ आन तूच सांग!"

तिचे हात डोळ्यांवरून सुटले ते त्याच्या तोंडावर आले. आंधळ्यासारखे ते त्याच्या कपाळावरून, नाकावरून, खोल गेलेल्या गालांवरून फिरले. ओठांवर आले तेव्हा तिला त्याचा श्वास लागला... ऊन ऊन, भिजलेला. पुतळ्याला तो कधीच नव्हता!

आईनं डोळे उघडले.

त्याच वेळी वारा पडला. पठारावरची घुमघुम मंद होत होत थांबली, आणि एवढी शांतता पसरली की रस्त्यावरून घरंगळणारं वाळकं पानही ऐकू यावं. मायलेक एकमेकांचे हात घट्ट धरून वाट पाहत राहिले. आता काय होईल? वीज पडेल? साप निघेल? उभ्या उभ्या छाती थांबेल? आईची नजर त्याच्या चेहऱ्यावरून हलेना, जणू हललीच तर तेवढ्यात कुणी तरी त्याला उचलून नेईल. ऊन तसंच होतं. पुतळा तसाच होता. दिग्विजयचा श्वास येत होता, जात होता.

"लय वाळलास रं," आई म्हणाली.

आणि मग, त्याच्या खांद्यावरून, तिची नजर वर गेली. रोज ज्या चेहऱ्यात ती धाकट्याला शोधायची, त्याची आता गरज उरली नव्हती. धाकटा मिठीत होता. वर, टोपीखाली, जो उरला तो थोरला होता... जो परत आला नव्हता आणि येणार नव्हता, ज्याच्यासाठी रडायला दोन उन्हाळ्यांत तिला सवडच मिळाली नव्हती.

"सिदा!" तिच्या पोटातून हंबरडा फुटला, आणि त्या ओसाड फाट्यावर, भरदुपारी, तो दूर पठारापर्यंत गेला. "माज्या सिदा रं! कुटं ग्यालास रं माज्या राजा!"

दिग्विजयनं तिला सावरलं नाही, गप्प बस म्हटलं नाही. तिचं डोकं आपल्या छातीशी धरून तोही भावाच्या नावानं मोकळेपणानं रडू लागला.